कमान राहू द्या, हौद भरा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत, दूध संस्थेचे चेअरमन व संचालक, मुंबईकर मंडळ, आणि समस्त ग्रामस्थ,

विषय : वेशीवरच्या नियोजित कमानीबाबत

सप्रेम नमस्कार.

तात्यांच्या तेराव्याला मला दोन शब्द बोलायला उभं केलंत आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. माईक हातात धरून रडले आणि खाली बसले. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण ठरावही चारचौघांतच झाला. वेशीवर तात्यांच्या नावाची कमान बांधायची, दोन्ही खांबांवर सिमेंटचे दोन खिलार बैल, मध्ये तात्यांचा फोटो. वर्गणी सुरू झाली आहे. मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर रोज नवीन नावं आणि आकडे येतात, ते आमच्या घरातही वाचले जातात. 1 मेच्या ग्रामसभेत मंजुरी घ्यायची असं कळलं. आईला विचारलंत तेव्हा ती "तुमी म्हनाल तसं" म्हणाली. पाहुण्यांसमोर आई असंच म्हणते. पाहुणे गेल्यावर काय म्हणाली ते पुढे सांगते.

तुमच्या भावनेबद्दल माझ्या मनात शंका नाही. वडिलांच्या नावानं माहेर काही करायला निघालं की लेकीचा ऊर भरून येतोच. पण ज्याच्या नावानं हे चाललंय तो माणूस आधी नीट आठवू, मग कमानीचं बोलू.

तात्या डॉक्टर नव्हते. हे पहिल्यांदा सांगते, कारण फ्लेक्सवर तुम्ही 'जनावरांचे डॉक्टर' असं छापलंत आणि ते त्यांना चाललं नसतं. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. शब्द इतका जड की पगाराच्या दाखल्याबाहेर तो कुणी उच्चारलाही नसेल. अर्थ साधा आहे, जखमा धुणारा आणि पट्टी बांधणारा. डॉक्टर यायच्या आत जनावर खोड्यात घ्यायचं, पाणी उकळून ठेवायचं, टर्पेंटाइन घालून जखमेतल्या अळ्या काढायच्या, शिंग मोडलेल्या बैलाचं डोकं बांधायचं आणि सगळं उरकल्यावर खोड्याखालचं शेण उचलायचं. कुणी "डागदर" अशी हाक मारली की ते दाराकडे बोट दाखवायचे, "डागदर आत बसल्यात. मी पट्टीवाला." सुई त्यांनी कधी हातात घेतली नाही. येत नव्हती असं नाही, तीस वर्षं शेजारी उभं राहून कुणालाही आली असती. "सुई डागदराची, पट्टी माझी," एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर रात्री-अपरात्री कुणी दारात आलं तर चपला घालून निघायचे, पण निघता निघता त्या माणसाला 1962 ला, म्हणजे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला, फोन लावायला लावायचे. गाडी येईपर्यंत जनावराजवळ बसायचं, हे आपलं काम, असा त्यांचा हिशेब.

जनावराजवळ बसले की ते बोलायचे. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. "हो हो हो… झालं झालं, माझी बाय… गप उभी ऱ्हा… झालं." गाय असो, म्हैस असो, पायात काच घुसलेलं कुत्रं असो, बोल तेच. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. सकाळी ओसरीवरून ऐकू यायचं, "गप उभी ऱ्हा… झालं झालं, माझी बाय." आई चिडायची, "मी म्हस हाय काय?" तात्या म्हणायचे, "म्हस बरी, ती डोळं मिटत न्हाई." माझ्या पहिल्या बाळंतपणात मी कळा देत होते आणि व्हरांड्यातून तोच आवाज आला. नर्स हसायला लागली. मला मात्र त्या आवाजानं जी उसंत मिळाली ती आजही आठवते.

आईनं या माणसाशी संसार कसा केला हे तिला विचारा, म्हणजे कमानीपेक्षा मोठा मजकूर मिळेल. चाळीस वर्षं ती दारात एक बादली गरम पाणी ठेवत आली. कामावरचे कपडे घालून उंबरठा ओलांडायचा नाही, असा तिचा कायदा होता आणि तात्यांनी तो एकदाही मोडला नाही. टर्पेंटाइन, फिनेल, शेण आणि लाइफबॉय साबण या चार वासांच्या मिश्रणाला आम्ही भावंडं 'तात्यांचा वास' म्हणायचो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला ते तिला न चुकता न्यायचे. सुरुवातीला तिला बांगड्यांच्या दुकानाशी सोडून "आलूच" म्हणायचे आणि बैलबाजारात गडप व्हायचे. दोन-तीन तासांनी ती शोधत जायची, तर हे कुणाच्या तरी बैलाचा खूर मांडीवर घेऊन बसलेले. चार-पाच यात्रा झाल्यावर तीच शहाणी झाली. आधी बैलबाजारात जायची, बैल बघून व्हायचे, मग दोघं मिळून बांगड्या घ्यायचे आणि पिशवी तात्यांच्या हातात. आता बैल बघायला तीच पुढे असते. खिलाराची शिंगं, पाठ, चाल यांवर ती बोलायला लागली तर तुमच्यातल्या शर्यतवाल्यांनाही गप्प बसवेल.

शर्यतीचं निघालंच आहे म्हणून सांगते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा, 2021 च्या डिसेंबरात ती उठली तेव्हा, आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींना मान्यता दिली तेव्हाही, पारावर रोज भांडणं झाली. तात्या कुठल्याच बाजूनं बोलले नाहीत. शर्यत झाली की बैल जिथं बांधलेले असतील तिथं जायचे आणि शेपटीवरून हात फिरवायचे. शेपूट चावलेली, पिरगाळलेली निघाली की मग बोलायचे. काय बोलायचे ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, इथं लिहिण्यासारखं नाही. हळवे होते तसे तापटही होते. जनावरांपुढे जेवढा धीर, माणसांपुढे तेवढाच उतावीळपणा. सख्ख्या भावाशी बांधावरून सात वर्षं बोलले नाहीत, आणि त्याच भावाची म्हैस अडली तेव्हा रात्री दोनला जाऊन तिच्याजवळ बसले. पारडू झालं, वार पडली, तात्या परत आले, भावाशी एक शब्द न बोलता. म्हशीशी मात्र सगळी रात्र बोलत होते म्हणे.

हे कुठून आलं, याचं उत्तर त्यांनी मला एकदाच दिलं. 1972 च्या दुष्काळात ते 14 वर्षांचे होते. आपल्या माणदेशाला दुष्काळ नवा नाही, पण ते साल वेगळं होतं. आजीबरोबर ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी आणि लाल मिलोची भाकरी खाल्लेले हात होते ते. घरी एक खिलार जोडी होती. एक बैल दावणीला बसला तो उठला नाही. दुसऱ्याला आजोबांनी बाजारात नेलं, कवडीमोलानं गेला. जाताना त्यानं वेशीजवळ थांबून मागं बघितलं, असं तात्या सांगत. मी म्हटलं, बैल मागं बघतच असतो. ते म्हणाले, "पान्याकडं बघत हुता. हौदाकडं."

आता हौदाचं.

एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, पिंपरणीखाली जो दगडी हौद आहे तो तुमच्यातल्या तरुण मंडळींना बाकडा म्हणून माहीत आहे. त्यावर बसून मोबाइल बघतात. तो दुष्काळी कामातल्याच दगडाचा बांधलेला आहे असं तात्या सांगायचे. ज्यानं बांधला तो हुशार होता. एक बाजू उंच, बैल-म्हशींसाठी, आणि एक बाजू पार गुडघ्याखाली, शेळ्या-मेंढ्यांसाठी. आतून एका कोपऱ्याला दगड तिरका लावलेला आहे, कोकरू किंवा खार आत पडली तर चढून बाहेर यावी म्हणून. तात्यांनी त्यात आपली भर घातली. काठाला बाभळीच्या काटक्या आणि छोटे दगड ठेवायचे, मधमाश्या बुडू नयेत म्हणून. दर पंधरा दिवसांनी हौद उपसून, घासून आतून चुना मारायचे. चुन्यानं शेवाळ धरत नाही आणि थोडा चुना जनावराच्या पोटात गेला तर ते चांगलंच. उरलेलं पाणी पिंपरणीच्या बुडाशी जायचं. ती पिंपरण एवढी मोठी का झाली याचं श्रेय तुम्ही देवाला देता.

त्या हौदावर कोण यायचं? दिवाळीनंतर खाली उतरलेले धनगरांचे काही कळप मृगाच्या आधी परतताना थांबायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांचे बैल थांबायचे. खरसुंडीच्या बाजाराला निघालेली जनावरं थांबायची. वडाराची गाढवं, कुणाची तरी वाट चुकलेली शेळी, गावातली कुत्री, रात्री एखादं कोल्हं. तात्या पहाटे हौद भरायचे आणि संध्याकाळी एकदा बघून यायचे. नोकरीत असतानाही, निवृत्तीनंतरही. आमच्याकडे सप्ताहात कीर्तनकार नाथमहाराजांची गोष्ट सांगायचे, काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानलेल्या गाढवाला पाजली ती. तात्या एकदा घरी येऊन म्हणाले, "येकदा पाजलं म्हनून गोष्ट झाली. रोज पाजलं असतं तर बायकूनं घराभाईर काढलं असतं." आई म्हणाली, "काढलं का?" तात्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि विषय संपला.

2019 च्या उन्हाळ्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती. तुमच्यातली निम्मी घरं तिथं होती, मी काय सांगायचं. तात्या तेव्हा निवृत्त झालेले होते. आमच्या दोन गाई घेऊन गेले आणि छावणी उठेपर्यंत आलेच नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या जनावरांचे खूर, जखमा, गोचीड बघत फिरायचे. आई पंधरा दिवसांनी डबा घेऊन गेली आणि तीही तिथंच राहिली. उसाचं वाढं, बाजूला पाल, चुलीचा धूर, रात्री शेकडो जनावरांच्या रवंथीचा आवाज. मी मुंबईहून भेटायला गेले तर आईच्या चेहऱ्यावर दुष्काळ दिसेना. मी विचारलं, हाल होत नाहीत का? म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं हेंच्याबर एवढं सलग कवा ऱ्हायलेच नव्हते." त्या उन्हाळ्यातला दोघांचा फोटो माझ्याकडे आहे. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, कालवडीकडे बघताहेत.

लंपीबद्दल लिहायलाच हवं, कारण हौदाच्या विरोधात जे बोललं जातं ते तिथून निघतं. 2022 च्या ऑगस्टात जळगावच्या रावेर भागात रोग दिसला आणि पुढच्या काही आठवड्यांत बाजार बंद पडले. अंगभर गाठी, सुजलेले पाय, आटलेलं दूध. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला डॉक्टर गावोगाव फिरत होते. त्या वेळी हौद रिकामा करणारा पहिला माणूस तात्याच होते. एका हौदावर आजारी आणि चांगली जनावरं एकत्र पाणी पितात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उपसला, चुना मारला, वर पत्रा टाकून दगड ठेवले. मग स्वतः पोटॅशियमच्या पाण्यानं आणि कडुलिंबाच्या पाल्यानं जखमा धुवत फिरले. कपड्यांचे दोन जोड केले. एक बाहेर लिंबाला टांगलेला, एक घरातला. तरी एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात आपल्याच हातानं तर रोग गेला नाही ना, ही सल त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. रोग पसरवतात त्या मुख्यतः माश्या, डास, गोचीड, हे त्यांना डॉक्टरांनी समजावलं होतं. पटलं होतं, पण झोप लागायची नाही. आमची चंद्री त्यातच गेली. ते रडले नाहीत. तिचं दावं धुऊन, उकळून, वाळवून खुंटीला लावून ठेवलं, ते अजून तिथंच आहे.

साथ ओसरली, पत्रा काढला, हौद पुन्हा भरायला लागले. आणि त्याच सुमारास नळयोजनेचं काम गावात आलं.

इथं मला जरा स्पष्ट लिहू द्या. घरोघरी नळ आला याचा मला आनंद आहे. माझ्या आईनं आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलंय. पण 'हर घर जल'चा हिशेब माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. दुभती गाय भर उन्हाळ्यात एकटीच तेवढं पिते, कधी जास्तही. घरच्या गाईला तुम्ही घरच्या नळाचं पाजता, चांगलं आहे. रस्त्यावरच्या जनावराचं घर कुठलं? नळाचा चर खोदताना बोअरवरून हौदाकडे जाणारा पाइप तुटला. वीस-बावीस फुटांचा तुकडा. काम करणारे म्हणाले, नंतर जोडून देतो. नंतर ते गेले. पंचायतीत तात्यांनी दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लिहून दिलं. प्रत्येक वेळी "बघू की तात्या" असं उत्तर मिळालं. कुणी वाईट वागलं असं मी म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर तात्या भांडले तरी असते. 'बघू की'शी कसं भांडायचं?

मग त्यांनी हातगाडा काढला. दुधाचे 40 लिटरचे चार कॅन घरच्या नळावर भरायचे, गाड्यावर चढवायचे आणि स्टँडमागे न्यायचे. हौद भरायला तशा चार खेपा. साठी ओलांडलेला माणूस, पहाटेच्या अंधारात, चढावरून. मागून तीन पायांचं कुत्रं, ज्याचं नाव आम्ही 'पट्टी' ठेवलं होतं. टेम्पोखाली त्याचा पाय गेला तेव्हा तात्यांनी बांधलेल्या पट्टीवरून. पाच-सव्वापाचला दूध घालायला जाणाऱ्या प्रत्येकानं हा गाडा बघितला आहे. "तात्या, लई पुण्याचं काम" असं म्हणून गाड्या पुढे गेल्या. मीही बघितलाय. सुट्टीला आले की मागून ढकलायचे, दोन दिवसांनी मुंबईला निघून जायचे. मी एक प्लंबर पैसे देऊन लावू शकले असते. लावला नाही. तात्या आहेत तोवर होतंय, असं मलाही वाटलं. वीस फूट पाइपासाठी तो माणूस तीन वर्षं गाडा ओढत राहिला आणि आपण सगळे त्याचं कौतुक करत राहिलो.

ते मुंबईला फारसे यायचे नाहीत. "तुमच्याकडं जनावर न्हाई" ही तक्रार. एकदा आले तेव्हा आमच्या ह्यांच्याबरोबर मशीद बंदरला गेले. हे तिथं माथाडी कामगार आहेत. भात बाजारात केशवजी नाईक यांनी बांधलेली जुनी प्याऊ आहे, वर घड्याळाचा मनोरा, 1876 सालची. मुंबईतल्या अशा जुन्या प्याऊंना माणसांसाठी वर तोट्या आणि ओझ्याच्या बैला-घोड्यांसाठी खाली कुंडं असायची, हे ह्यांनी सांगितलं आणि तात्या तिथं अर्धा तास फिरत राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "शेटजीनं नाव वर लिवलं, पर पानी खाली बी सोडलं हुतं." कमानीचं ऐकल्यापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

नातवंडांचं लिहिते आणि मुद्द्यावर येते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, कुत्र्याला घाबरायचा. तात्यांनी त्याला कुत्र्याजवळ कधी नेलं नाही. हौदाजवळ बसवलं आणि एक वही दिली. जे जनावर पाणी प्यायला येईल ते लिहायचं. गाईंच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी. तो नंबर वाचायचा, तात्या न बघता नाव सांगायचे, कुणाची, किती वेताची, कधी गाभण. नंबर चुकला तर पोराची हार, नाव चुकलं तर आजोबांची. वहीतल्या हिशेबानं तात्या दोनदाच हरलेत. वहीच्या तिसऱ्या पानावर 'पट्टी, पाय 3, पाणी खूप प्यायला' असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्यापुढे 'मी हात लावला'. भावाच्या मुलीला त्यांनी वासराला बोटं चोखायला द्यायला शिकवलं, ती चार वर्षांची आहे आणि हल्ली सगळ्या पाहुण्यांना बोटं पुढे करते. तेराव्याला सरपंचांनाही केली होती, त्यांना अर्थ कळला नसेल म्हणून सांगितलं.

तर आई काय म्हणाली. तुम्ही सगळे जेवून गेलात, मांडवातल्या खुर्च्या उचलल्या जात होत्या. आई गाईला पाणी दाखवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिमिटाच्या बैलाला पानी लागत न्हाई. म्हनून बांधत्यात व्हय?"

मी तिला गप्प केलं. तसं नाही गं, प्रेमानं करतायत, म्हटलं. आणि ते खरंही आहे. पण रात्रभर विचार केल्यावर वाटलं, हे तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

गावात आज खिलार जोड्या किती आहेत, बोटांवर मोजा. एका हाताच्या पुढे जाणार नाहीत. ट्रॅक्टर आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण खांबावर दोन खिलार आणि खाली वेशीतून जाणाऱ्या खऱ्या जनावराला घोटभर पाणी नाही, असं चित्र तात्यांच्या फोटोखाली नको. ग्रामसभेत हा ठराव मांडायचाच असेल तर तो बदलून मांडा, ही माझी, आईची आणि भावाची विनंती. तुटलेला पाइप जोडा आणि त्याला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पाणी आपोआप थांबेल आणि वाया गेल्याची ओरड होणार नाही. हौदाच्या उंच बाजूचे दोन दगड निखळलेत, ते सिमेंटनं नको, पहिल्यासारखे घडीव बसवा. म्हसवडकडचे पाथरवट अजून ते काम करतात. चुना आम्ही देऊ, वर्षभराचा. पंधरवड्याला मारायचं काम मात्र कुणाला तरी नेमून द्या. तरुण मंडळानं पाळी लावली तर उत्तम, बेंदराला बैलांची मिरवणूक काढता तेवढ्याच हौसेनं. साथ आली तर हौद कधी बंद करायचा ते डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तसं वागा, तात्यांनी तेच केलं होतं. बाकड्यासारखं बसायला जागा हवी असेल तर पिंपरणीच्या पलीकडे खरोखरचं बाकडं टाका. वर्गणीतून हे सगळं होऊन बरेच पैसे उरतील. ते परत करा किंवा दवाखान्यातला खोडा दुरुस्त करा. त्याची एक आडवी दांडी कधीची तारेनं बांधलेली आहे, जनावराच्या छातीला लागते.

हौदावर नाव घालू नका. घालायचंच असेल तर ज्यानं तिरका दगड लावला त्या गवंड्याचं शोधून काढा. म्हातारी मंडळी अजून आहेत, कुणाला तरी आठवत असेल.

आणि तोपर्यंतची सोय अशी आहे. हातगाडा आमच्या परड्यात आहे. सध्या आई आणि भाऊ रोज दोन खेपा करतात, पूर्ण हौद भरत नाही, बारकी बाजू भरते. धनगरांचे कळप आता परत यायला लागतील तेव्हा दोन खेपांत भागणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी पाचला या. कॅन रात्रीच भरून ठेवलेले असतात. गाड्याचं डावं चाक जरा बाहेर ओढतं, चढाला उजवीकडे दाब द्यावा लागतो. पट्टी बरोबर येईल, त्याला हाकलू नका, त्याला वाट माहीत आहे. सहाच्या आत गाडा परत आणा, नंतर आई धारेला बसते आणि तेव्हा तिला कुणी हाक मारलेली चालत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपली माहेरवाशीण,
तात्यांची थोरली